बत्तीस घरांची आज्ञा

यंत्राला आज्ञा देणें हें माणसाला आज्ञा देण्याहून अगदीं वेगळें काम आहे. घरांतल्या गड्याला “तेवढा तांब्या आण” एवढें म्हटलें कीं पुरतें. कोणता तांब्या, तो कोठें आहे, आणून कोठें ठेवावयाचा, हें तो प्रसंगावरून ताडतो. यंत्राला प्रसंग कळत नाहीं. काय करावयाचें, कशावर करावयाचें आणि झालेलें काम कोठें ठेवावयाचें, हें सगळें त्याला प्रत्येक वेळीं सांगावें लागतें. आणि तेंहि केवळ दोन चिन्हांत, एक आणि शून्य ह्यांत. संगणकाच्या पोटांतील प्रोसेसर दर सेकंदाला अशा कोट्यवधि आज्ञा वाचतो आणि पाळतो. ह्या आज्ञा कोणत्या लिपींत लिहावयाच्या, ती लिपि कोणीं ठरवावयाची आणि ती कोणाच्या मालकीची असावी, हा वाद गेल्या पाऊणशें वर्षांच्या यंत्रविद्येच्या इतिहासांतील एक बोधप्रद भाग आहे. आणि त्याचीं कांहीं प्रकरणें मुंबईस व पुण्यास घडलेलीं आहेत.

कथेचा आरंभ मागापाशीं होतो. भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस हें सांगावयास नको कीं, कापडांत नक्षी उठते ती ताण्याचे कोणते धागे केव्हां वर उचलले जातात त्यावरून. हें काम आपोआप व्हावें म्हणून फ्रान्सांतील ल्यों येथील जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर चढविली. पत्त्याला जेथें भोंक असेल तेथील धागा वर उचलला जाई; जेथें भोंक नसेल तेथील धागा जागच्या जागीं राही. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणितयंत्रासाठीं हेच पत्ते योजिले. यंत्राला लेखी आज्ञा देण्याची ही पहिली मोठी पायरी होय.

परंतु जॅकार्डच्या पत्त्यांत एक उणीव आहे. तेथें प्रत्येक भोंक आपापल्या आंकड्याशींच बोलतें. चारशें आंकडे असले तर पत्त्यावर चारशें जागा हव्यात. ह्याला संकेत म्हणतां येत नाहीं. ही केवळ हजेरी झाली. संकेताची खरी युक्ति निराळी आहे. भिवंडी तालुक्यांतील दापोडे ह्या गांवीं आज मोठमोठीं गोदामें उभीं आहेत. अशा एखाद्या गोदामांत ३२ खणांची मांडणी आहे अशी कल्पना करावी. पाहिजे तो खण नोकराला दाखविण्यासाठीं ३२ दिवे लावावे लागतील काय? नाहीं. पांच प्रश्न पुरतात. खण पहिल्या सोळांत आहे कीं दुसऱ्या? त्या सोळांपैकीं पहिल्या आठांत कीं पुढच्या आठांत? मग चारांत, दोहोंत आणि अखेर एकांत. पांच वेळां होय किंवा नाहीं म्हटलें कीं ३२ पैकीं नेमका खण हातीं लागतो. ह्या होय-नाहींच्या एका उत्तरालाच संगणकाच्या परिभाषेंत ‘बिट’ म्हणतात. पांच बिटांत ३२ वस्तूंपैकीं एक सांगतां येते, सहांत ६४ पैकीं एक. आज्ञा लिहिण्याची सारी कला ह्या हिशेबावर उभी आहे.

ह्या हिशेबाचा अगदीं लहान नमुना २१ जून १९४८ रोजीं मँचेस्टर विद्यापीठांत प्रथम चालला. त्या यंत्राला कौतुकानें ‘बेबी’ म्हणत. त्याच्या स्मृतींत अवघ्या ३२ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळींत ३२ बिट. ओळ सांगण्यास पांच बिट आणि काय करावयाचें तें सांगण्यास तीन, एवढ्यांत आज्ञा पुरी होई. तीन बिटांत आठ क्रिया बसतात. त्यांपैकीं सातच योजिल्या होत्या. त्यांत बेरीजहि नव्हती. वजाबाकी येत असली म्हणजे उणे संख्या वजा करून बेरीज साधतां येते, असा साधा विचार त्यामागें होता. थोड्या आज्ञांत पुष्कळ काम ह्या तत्त्वाचें बीज त्या पहिल्याच यंत्रांत दिसतें. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला संगणक १९६० मध्यें कामास लागला आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आज एखाद्या खेळण्यांतहि ह्याहून अधिक स्मृति असते. परंतु त्या काळीं तेवढी जमविणें हेंच मोठें कर्तृत्व होतें.

स्मृति महाग होती, म्हणून पुढील वीस वर्षें आज्ञा लिहिणाऱ्यांचें सारें लक्ष काटकसरीकडे लागलें. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें ‘सिस्टिम ३६०’ हें यंत्रकुल जाहीर केलें. त्यांतील आज्ञा तीन लांबींच्या होत्या: १६, ३२ आणि ४८ बिट. साध्या कामाला आंखूड आज्ञा, मोठ्या कामाला लांब आज्ञा. आज्ञेचे पहिले दोन बिट पाहिले कीं तिची लांबी कळे. पुढें १९७७ मध्यें डिजिटल कंपनीचें ‘व्हॅक्स’ यंत्र आलें. त्याच्या भाषेंत सुमारें तीनशें आज्ञा होत्या आणि त्यांची लांबी एका बाइटापासून कित्येक बाइटांपर्यंत पसरे. १९७८ मध्यें निघालेल्या इंटेलच्या ‘८०८६’ ह्या प्रोसेसराचा वंश आजहि टेबलावरील संगणकांत नांदतो. त्या घराण्यांतील आज्ञा आज एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीहि लांब असूं शकते.

ह्या पद्धतींत जागा वांचते, पण वेळ जातो. गोदामाच्या दारांत लहानमोठीं, वांकडींतिकडीं पुडकीं एकाला एक चिकटून येऊं लागलीं, तर पहिलें पुडकें कोठें संपलें हें पाहिल्यावांचून दुसरें उचलतां येत नाहीं. तेंच सर्व खोकीं एका मापाचीं असलीं, तर चार हमाल एकाच वेळीं चार खोकीं उचलूं शकतात. दहावें खोकें कोठें सुरू होतें हें पहिलें न उघडतांहि सांगतां येतें. प्रोसेसरालाहि हीच अडचण पडते. एक आज्ञा पाळली जात असतांना दुसरी वाचावी, तिसरी मागवावी, अशी सांखळी लावली तरच त्याचा वेग वाढतो. आणि आज्ञांची लांबी आगाऊ ठाऊक नसेल तर ती सांखळी अडखळते.

आय. बी. एम. च्या यॉर्कटाउन हाइट्स येथील प्रयोगशाळेंत जॉन कॉक व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ मध्यें एका नव्या यंत्राचें काम हातीं घेतलें. प्रयोगशाळेच्या इमारतीच्या क्रमांकावरून त्याला ‘८०१’ म्हणत. ह्या मंडळींच्या ध्यानांत आलें कीं, यंत्राला शेंकडों आज्ञा शिकविल्या तरी प्रत्यक्ष कामांत त्यांपैकीं थोड्या साध्या आज्ञाच पुनःपुन्हां वापरल्या जातात. आणा, ठेवा, मिळवा, तुलना करा, उडी मारा, एवढ्यांतच बहुतेक वेळ जातो. १९८० मध्यें कॅलिफोर्नियांत बर्कले येथील डेव्हिड पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डिट्झेल यांनीं एक निबंध लिहून हाच पक्ष मांडला. त्यांत त्यांनीं व्हॅक्सच्या एका आज्ञेचें उदाहरण दिलें. कोष्टकांतील जागा शोधून काढण्यासाठीं मुद्दाम बनविलेली ती आज्ञा वापरण्याऐवजीं तेंच काम त्याच यंत्रावर चार साध्या आज्ञांनीं केलें, तर तें सुमारें ४५ टक्के अधिक वेगानें होई! सोनाराकडून करून घेतलेला खास दागिना घरच्या सुईदोऱ्याहून कमी उपयोगाचा ठरावा, तसेंच हें झालें.

ह्या विचारसरणीला ‘रिस्क’ म्हणजे संक्षिप्त आज्ञासंच असें नांव मिळालें. १९८२ मध्यें बर्कलेच्या विद्यार्थ्यांनीं आपला पहिला प्रोसेसर तयार केला. शेजारीं स्टॅनफर्ड येथें जॉन हेनेसी यांनीं १९८१ मध्यें ‘मिप्स’ चें काम सुरू केलें होतें. इंग्लंडांत केंब्रिज येथील एकॉर्न ह्या लहानशा कंपनींत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीं बनविलेला ‘आर्म’ प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजीं प्रथम चालला. आज जगांतील जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनांत त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. पॅटर्सन व हेनेसी यांस पुढें ह्या कार्याबद्दल २०१७ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. कॉक यांस तें १९८७ मध्येंच मिळालें होतें. ह्या सर्वांनीं एक नियम समान पाळला: प्रत्येक आज्ञा एकाच लांबीची, बहुशः ३२ बिटांची.

बर्कलेच्या त्या प्रयोगांतून सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीनें १९८७ मध्यें ‘स्पार्क’ ही पद्धति बाजारांत आणली. महाराष्ट्राच्या दृष्टीनें हें घराणें विशेष महत्त्वाचें, म्हणून त्याची लिपि जरा निरखून पाहण्यासारखी आहे.

एका ओळींत ३२ घरें आंखलेलीं आहेत असें समजावें. पहिल्या दोन घरांवरून आज्ञेची जात कळते. तेथें ‘०१’ असेल तर ती दुसऱ्या उपकार्यक्रमाकडे जाण्याची आज्ञा. ‘००’ असेल तर वाट बदलण्याची किंवा मोठी संख्या रचण्याची. ‘१०’ असेल तर गणिताची. आणि ‘११’ असेल तर स्मृतींतून आणण्याची वा तेथें ठेवण्याची. समजा आज्ञा गणिताची आहे. मग पुढील पांच घरांत उत्तर कोठें ठेवावयाचें तें लिहिलेलें असतें. प्रोसेसराजवळ एका वेळीं वापरावयास ३२ रजिस्टरें, म्हणजे हाताशीं असलेले ३२ खण असतात, म्हणून पांच घरें. त्यापुढील सहा घरांत क्रियेचें नांव. त्यापुढें पांच घरांत पहिली संख्या ज्या खणांत आहे त्याचा क्रमांक. नंतरचें एक घर खुणेचें: तेथें शून्य असेल तर दुसरी संख्याहि एखाद्या खणांत आहे आणि शेवटच्या पांच घरांत त्याचा क्रमांक आहे, तेथें एक असेल तर उरलेलीं तेरा घरें हीच ती संख्या. दोन, पांच, सहा, पांच, एक आणि तेरा यांची बेरीज करून पाहावी; ती बरोबर बत्तीस येते. एकहि घर उसनें घ्यावें लागलेलें नाहीं.

क्रियेच्या सहा घरांतहि सुसंगति आहे. बेरजेचा संकेत ‘००००००’ आणि वजाबाकीचा ‘०००१००’. म्हणजे मिळवा आणि वजा करा ह्या दोन आज्ञांत केवळ एका बिटाचा फरक आहे. दुसरें एक घर भरलें कीं तीच क्रिया होते, परंतु उत्तर शून्य आलें कीं उणे आलें ह्याची टीपहि ठेवली जाते. अशी रचना केल्यामुळें आज्ञा उलगडणारा तारांचा जाळा लहान व चपळ राहतो. संस्कृत धातूला उपसर्ग लागून अर्थ बदलावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक अर्थासाठीं निराळा शब्द घोकावा लागत नाहीं.

ह्या ३२ खणांपैकीं पहिला खण तर फारच चमत्कारिक आहे. त्यांत कांहींहि ठेवलें तरी बाहेर शून्यच येतें. अशा नतद्रष्ट खणाचा काय उपयोग, असें कोणास वाटेल. पण त्याच्यामुळें कितीतरी आज्ञा वांचतात. एका खणांतली संख्या दुसऱ्यांत न्यावयाची आहे? ती शून्याशीं जोडा. दोन संख्यांची केवळ तुलना करावयाची आहे? वजाबाकी करा आणि उत्तर ह्या खणांत टाकून द्या. कांहींच न करतां एक पाऊल जाऊं द्यावयाचें आहे? ह्या खणांत शून्य भरण्याची आज्ञा द्या. तीन निरनिराळ्या आज्ञांचें काम एका रिकाम्या खणानें केलें.

परंतु सोयीची किंमतहि द्यावी लागते. आज्ञाच जर ३२ घरांची, तर ३२ बिटांची मोठी संख्या तिच्यांत मावणार कशी? येथें दोन आज्ञांनीं मिळून एक काम करावें लागतें. पहिली संख्येचा वरचा २२ बिटांचा भाग खणांत बसविते, दुसरी खालचे दहा बिट जोडते. दूरच्या उपकार्यक्रमाकडे जाण्याच्या आज्ञेंत मात्र रचणाऱ्यांनीं मोठी शिताफी दाखविली आहे. प्रत्येक आज्ञा चार बाइटांची असल्यामुळें तिचा पत्ता नेहमीं चारांच्या पटींत असतो. म्हणजे पत्त्याचे शेवटचे दोन बिट नेहमीं शून्यच. मग ते लिहावयाचे कशाला? जातीचे दोन बिट सोडले तर तीस उरतात, आणि त्या तीसांत ३२ बिटांच्या साऱ्या स्मृतींतील कोणतीहि आज्ञा गांठतां येते.

आतां पुण्याकडे वळूं. १९८८ मध्यें तेथें प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ह्या संस्थेची स्थापना झाली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं देशांतच तो बांधण्याचें ठरलें, आणि १९९१ मध्यें ‘परम ८०००’ तयार झाला. त्यांत ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’ जोडलेले होते. त्यांची आज्ञा अवघ्या आठ बिटांची. चार बिट क्रियेला, चार संख्येला. मोठी संख्या हवी असेल तर तिच्या आधीं आणखी आज्ञा लावून ती चार-चार बिटांनीं वाढवीत न्यावी लागे. छोट्या मापाच्या टोकाचें हें उदाहरण. पुढें १९९८ मध्यें ‘परम १००००’ सिद्ध झाला, तेव्हां त्यांत सन कंपनीचे ‘अल्ट्रास्पार्क’ प्रोसेसर बसविले गेले. ते ६४ बिटांच्या संख्या हाताळीत, तरी त्यांची आज्ञा पूर्वींच्याच ३२ घरांची होती. यंत्र पुण्यास बांधलेलें होतें, त्यांची जोडणी व कार्यक्रम येथील होते. परंतु ज्या प्रोसेसरावर तें उभें होतें तो परदेशांतून आलेला होता.

हें उणेपण भरून काढण्याचा एक प्रयत्न मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत, म्हणजे आय. आय. टी. त, झाला. विद्युत् अभियांत्रिकी विभागांतील प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘अजित’ नांवाचा प्रोसेसर रचला, आणि २०१९ च्या सुमारास त्याची वार्ता सर्वत्र पसरली. पहिला अजित मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरींत १८० नॅनोमीटरच्या तंत्रानें घडविला गेला. रचना आपली, घडण आपली. पण त्याची आज्ञालिपि मात्र नवी नव्हे. ती स्पार्कची आठवी आवृत्ति होती, वर वर्णिलेली तीच बत्तीस घरांची.

नवी लिपि कां काढली नाहीं, असा प्रश्न येथें स्वाभाविक आहे. लिपि काढणें अवघड नाहीं. तिच्यांत लिहिणारे मिळविणें अवघड असतें. आज्ञांचे संकेत बदलले कीं मानवी भाषेंतील कार्यक्रमाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारीं साधनें, यंत्राचा कारभार पाहणारे कार्यक्रम, त्यांतील दोष शोधणारीं उपकरणें, सारें नव्यानें करावें लागतें. स्पार्कची आठवी आवृत्ति १९९४ मध्यें एका आंतरराष्ट्रीय अभियंता-संस्थेनें मानक म्हणून स्वीकारलेली होती. तिचे नियम छापील ग्रंथांत कोणासहि उपलब्ध होते आणि तिच्यासाठीं लागणारीं साधनें तयार होतीं. युरोपच्या अवकाश संस्थेनें आपल्या यानांसाठीं ‘लिऑन’ हा प्रोसेसर ह्याच लिपींत रचविला, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें. खुली लिपि असली म्हणजे लहान संस्थाहि मोठ्या कामाला हात घालूं शकते.

आणि येथेंच ह्या विषयांतील खरा पणाचा प्रश्न आहे. इंटेलची वा आर्मची आज्ञालिपि वापरून प्रोसेसर बनवावयाचा तर मालकाची अनुमति हवी आणि तिचें मोल द्यावें लागतें. अनुमति देणारा ती नाकारूंहि शकतो. ह्याच अडचणींतून २०१० मध्यें बर्कले येथें क्रस्टे असानोविच, पॅटर्सन आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं ‘रिस्क-फाइव्ह’ ही पूर्णपणें मुक्त लिपि रचावयास घेतली. तिच्यांत मागील तीस वर्षांच्या अनुभवाचें सार उतरलें आहे. खणांचे क्रमांक सर्व प्रकारच्या आज्ञांत त्याच त्या घरांत येतात. संख्या उणे आहे कीं अधिक हें सांगणारा बिट नेहमीं पहिल्याच घरांत असतो. आणि नव्या क्रियांसाठीं कांहीं संकेत मुद्दाम मोकळे राखले आहेत. जागेची जुनी तक्रारहि त्यांनीं ऐकली. आर्म कंपनीनें १९९४ मध्यें १६ बिटांच्या आंखूड आज्ञा काढून वाट दाखविली होती. रिस्क-फाइव्हनेंहि शेवटच्या दोन घरांत ‘११’ असेल तर ३२ बिटांची आज्ञा आणि अन्यथा १६ बिटांची, अशी सोय केली. म्हणजे सिस्टिम ३६० ची दोन बिटांची खूण पन्नास वर्षांनीं पुन्हां उपयोगास आली. भारतांत मद्रासच्या आय. आय. टी. चा ‘शक्ति’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर ह्याच लिपींत आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्यें भारत सरकारनें ह्या लिपीच्या प्रसारासाठीं एक स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला.

हा मार्ग सोपा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. लिपि मुक्त मिळाली तरी प्रोसेसराची रचना करणारे अभियंते, तो घडविणारे कारखाने आणि त्यावर चालणारे कार्यक्रम हीं उभीं करावींच लागतात; आणि १८० नॅनोमीटरचें तंत्र जगांतील अद्ययावत् तंत्राच्या मानानें बरेंच मागील पिढीचें आहे. तरी एवढें खरें कीं, आज्ञेचीं बत्तीस घरें एकदां ठरलीं कीं त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचें काम रचलें जातें, आणि मग तीं हलवितां येत नाहींत. १९६४ ची सिस्टिम ३६० ची लिपि तिच्या वंशजांत आजहि चालते. ती ठरवितांना जे हजर असतात, त्यांचा विचार पुढें अर्धें शतक यंत्रांतून बोलत राहतो. पवईस जे अभियंते अजित रचण्यास बसले, त्यांना ही लिपि आयती मिळाली. पुढील लिपि ठरेल तेव्हां त्या बैठकींत मराठी घरांतील मुलेंमुली असावीत असें वाटत असेल, तर त्यांनीं ह्या बत्तीस घरांचा हिशेब आजच हातीं घेतला पाहिजे. त्याला लागणारें भांडवल एक पाटी, एक पेन्सिल आणि दोन चिन्हें एवढेंच आहे.